न घालता वाढलेलं ऑइल

नगरपालिकेच्या शववाहिकेवर एकोणतीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या माणसाचं खरं नाव कुणाला ठाऊक असणार? ते पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. गावानं त्यांना सावकाशभाऊ केलं. त्यांच्या गाडीचा काटा पंचवीसच्या पुढे कधी गेला नाही, आणि मागे बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ते प्रत्येक वळणाआधी सांगायचे, "सावकाश हं, धरून बसा." आडव्या झालेल्या माणसालाही ते हेच सांगत असतील, असं पालिकेतले कारकून चेष्टेनं म्हणायचे. सावकाशभाऊंना ती चेष्टा झोंबायची नाही. म्हणायचे, "माझ्या प्रवाशांपैकी एकाचीही आजवर तक्रार आलेली नाही. तुमच्या खात्याचं काय ते सांगा."

गाडी लांबट, मळकट पांढरी, पेट्रोलवर चालणारी. मागच्या सीटा काढून स्ट्रेचर सरकवायला दोन लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, बाजूला एक अरुंद बाक. खिडक्यांचे राखाडी पडदे सावकाशभाऊंच्या बायकोनं शिवलेले. दर सहा महिन्यांनी ती ते घरी मागवून घ्यायची, धुवायची, इस्त्री करून परत द्यायची. पण गाडीत पाऊल मात्र टाकायची नाही. कधी बाजारातून येताना ऊन लागलं, पिशव्या जड झाल्या आणि नवऱ्यानं शेजारी गाडी उभी केली, तरी ती चालतच राहायची. "त्या गाडीत मी एकदाच येणार," ती म्हणायची, "आणि तेव्हा पिशव्या नसतील." मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. त्यामुळे असल्या बोलण्यावर हसायचं की गप्प बसायचं हे ठरवायलाही तिसरं कुणी नव्हतं.

सावकाशभाऊंचा एक नियम होता. गाडी कुणाच्या दारात उभी असली की इंजिन बंद करायचं नाही. घरातल्यांना तयार व्हायला दहा मिनिटं लागोत की दोन तास, लांबच्या मुलाची वाट पाहायची असो की डॉक्टरचा कागद यायचा असो, गाडी जागच्या जागी घुरघुरत राहायची आणि सावकाशभाऊ टोपी हातात घेऊन बॉनेटपाशी उभे राहायचे. ऊन असलं तरी सावलीत जायचे नाहीत. सांत्वनाचे शब्द त्यांना कधी जमले नाहीत. चालू इंजिन हाच त्यांचा शब्द होता: मी आहे, तुमच्या वेळेनं या.

नियम उगाच झालेला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे सासरे वारले. सासुरवाडी त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे. गाडी अर्थातच जावयाची. तेव्हाची गाडी वेगळी, जुनी. तिचा सेल्फ कुरकुर करत होता. मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावानं, तेव्हा नुकतंच गॅरेज टाकलं होतं. "भावोजी, एक दिवस गाडी माझ्याकडे सोडा, सेल्फ दगा देणार," असं त्यानं आठवडाभर आधी सांगितलं होतं. सावकाशभाऊ म्हणाले होते, बघू पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात सासरेच गेले. सावकाशभाऊंनी सासऱ्यांच्या मानासाठी दारात गाडी बंद केली. दीड तासानं, सगळे बाहेर येऊन उभे राहिल्यावर किल्ली फिरवली, तर नुसतं टक झालं.

गाडी ढकलावी लागली. गल्लीत काही ती धरेना. थेट मोठ्या रस्त्यापर्यंत रडणारी माणसं घाम गाळत धक्का देत गेली आणि चौकात ती एकदम हिसका मारून सुरू झाली. त्या हिसक्यानं स्ट्रेचर सरकलं, चादरीखालून सासऱ्यांचा हात बाहेर आला आणि लोंबकळला. तो हात सावकाशभाऊंनी आरशात पाहिला. स्मशानाच्या फाटकाशी मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला सांगितलं होतं. माझ्या बापाला ढकलत आणावं लागलं." सावकाशभाऊंनी खाली मान घालून मागचं दार उघडलं.

तेव्हापासून दोघांमधलं बोलणं संपलं. लग्नकार्यात समोरासमोर आले तर "पाणी घ्या" इतपत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर दोन्हीकडे पीळ. बायको भावाकडे जायची, नवऱ्याकडे परतायची, आणि दोघांचे निरोप मधल्या मधे गिळून टाकायची. पुढे जुनी गाडी भंगारात गेली, नवी आली, तिचा सेल्फ चांगला खणखणीत होता. नियम मात्र तोच राहिला.

आता या नियमाच्या बरोबरीनं आणखी दोन गोष्टी घडत होत्या. एक म्हणजे गाडीला लांबचा रस्ता ठाऊकच नव्हता. गावातल्या कुठल्याही दारापासून स्मशान जास्तीत जास्त तीन किलोमीटर, तेही पंचवीसच्या गतीनं. दुसरी म्हणजे पालिकेच्या वर्कशॉपचा शिरस्ता. ऑइल बदलायचं ते काटा पाच हजार किलोमीटर फिरल्यावर. सावकाशभाऊंच्या गाडीला तेवढं फिरायला अडीच-तीन वर्षं लागायची. उभ्या उभ्या इंजिन किती तास चाललं हे कुठलाच काटा सांगत नव्हता आणि विचारणारंही कुणी नव्हतं.

रोज सकाळी सावकाशभाऊ ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायचे, फडक्यानं पुसायचे, पुन्हा घालून काढायचे. कचऱ्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर कुरकुरत असायचे की आमची गाडी ऑइल पिते. सावकाशभाऊंची पीत नव्हती. उलट गेल्या वर्षभरात ऑइल वरच्या खुणेच्या वर सरकलं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यांना त्याचं कौतुक वाटलं. गाडीला जपलं की गाडी जाणते, असं ते मानणारे. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती पाटावर पाय लांब करून बसली होती.

"न घालता वाढतं ते सुख नसतं," ती म्हणाली. "दुखणं असतं."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं नाहीच म्हणत मी," ती म्हणाली आणि पायाच्या घोट्यांवरून हात फिरवत राहिली. घोटे सुजले होते. दिवसभर उभं राहून होतं, असं दोघंही धरून चालली.

त्या मंगळवारी सकाळी मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका गेल्या. मोठ्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी शुद्धलेखन शिकवलेलं आणि उरलेल्या अर्ध्याला धाक. घर अरुंद गल्लीत, खिडकी रस्त्याला लागून. मुलगी दुसऱ्या शहरातून निघालेली, ती येईपर्यंत थांबायचं होतं. सावकाशभाऊंनी गाडी दाराला लावली, टोपी काढली आणि बॉनेटपाशी उभे राहिले.

पाऊण तास झाला असेल. काही कागद घ्यायला ते केबिनमध्ये वाकले आणि त्यांना ऑइलचा लाल दिवा लुकलुकताना दिसला. त्यांनी थोडी रेस दिली, दिवा गेला. पाय काढला, दिवा आला. आणि कान देऊन ऐकल्यावर इंजिनाच्या तळातून बारीक ठोका ऐकू यायला लागला. एकोणतीस वर्षांत हा ठोका त्यांनी स्वतःच्या गाडीत ऐकला नव्हता, पण दुसऱ्यांच्या गाड्यांत ऐकला होता, आणि त्या गाड्यांचं पुढे काय झालं हेही पाहिलं होतं.

त्यांचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच थांबला. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही, तर मोठ्या बाईंना ढकलत न्यावं लागेल. चालू ठेवलं तर इंजिन इथेच, या दारात, कायमचं बसेल. गावात दुसरी शववाहिका नव्हती. जवळात जवळचं गॅरेज दोन गल्ल्यांवर होतं, आणि ते मेव्हण्याचं होतं.

त्यांनी बायकोला फोन लावला. "तुझ्या भावाला जरा सांग," म्हणून सगळी हकीकत सांगितली.

"नंबर देते," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"अगं, घाई आहे."

"बावीस वर्षं होती का घाई? लिहून घ्या."

त्यांनी नंबर हाताच्या तळव्यावर लिहिला. पलीकडून मेव्हण्याचा आवाज आला. "मी बोलतोय," एवढंच म्हणाले.

"कळलं," मेव्हणा म्हणाला. मग क्षणभर ऐकत राहिला. "तो मागे आवाज येतोय तो तुमच्या गाडीचा? खालून ठोकतीय ती. बंद करा."

"दारात आहे मी. बंद नाही करणार."

पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आलो."

पाच मिनिटांत तो स्कूटरवरून आला. केस पिकले होते. पुढे ऑइलचा डबा आणि नवा फिल्टर, पायाशी पत्र्याचं घमेलं. नमस्कार-चमत्कार काही नाही. बॉनेट उघडून त्यानं पट्टी ओढली. ऑइल पट्टीवर टिकेचना, पाण्यासारखं ओघळून गेलं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, आणि खिशातून टिपकागदाचा तुकडा काढून त्यावर एक थेंब सोडला. थेंब पसरला. मध्ये काळा डाग उरला आणि भोवती रुंद, फिकट, तेलकट कडं पसरत गेलं.

"एवढं ऑइल कुणी ओतलं?"

"कुणी नाही. आपोआप वाढलंय."

"भावोजी, दुधात पाणी पडलं तर म्हैस जास्त द्यायला लागली म्हणायचं का? हे पेट्रोल आहे. वास घ्या."

सावकाशभाऊंनी वास घेतला. रोज सकाळी ते पट्टी डोळ्यांनी पाहत आले होते, नाकाला कधी विचारलंच नव्हतं.

"पेट्रोल तिथे कसं जाईल?"

"तुम्हीच घातलंत." मेव्हण्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "चोक बघा, अर्धा अडकलाय. वर्षभर ही जास्तीचं पेट्रोल ओढतीय. त्यात उभी गाडी तासन् तास चालू. सगळं पेट्रोल जळत नाही, उरलेलं पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. गाडी लांब पळाली तर ऑइल तापतं, पेट्रोल उडून जातं. तुमची कधी पळते? सकाळी थंड, दुपारी कोमट. आलं ते सगळं आतच राहिलं."

"आणि आता?"

"आता हे ऑइल राहिलेलं नाही. बेअरिंगवर ठरतच नाहीये, लोखंड लोखंडाला खातंय. आणखी दहा मिनिटं चालवलीत तर जाम होईल. मग धक्का मारूनसुद्धा नाही. शिवाय आत पेट्रोलची वाफ भरलीय. पेटायला निमित्त पुरतं. आणि तुम्ही ही दाराला लावून उभे."

सावकाशभाऊ ऐकत राहिले. कुणाला ढकलावं लागू नये म्हणून जे केलं, त्यानंच गाडी ढकलायच्याही लायकीची उरणार नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्यांना त्या क्षणी लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठा एकटेपणा वाटला. बावीस वर्षं ते ज्याला माया समजत होते ते इंजिनाच्या पोटात विष होऊन साचलं होतं.

"बंद करा," मेव्हणा म्हणाला. "मी आहे इथे."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

गल्लीत एकदम शांतता झाली. आतून कुणाचं तरी हुंदका आवरणं ऐकू आलं, भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग मोठ्या बाईंची धाकटी बहीण दारात आली. तीही सत्तरीची. सावकाशभाऊ घाईनं पुढे झाले. "माफ करा, जरा बिघाड झालाय, करतो लगेच चालू."

"नको," ती म्हणाली. "राहू द्या अशीच थोडा वेळ. धूर खिडकीतून आत येत होता. तिच्याजवळ बसून कुणी काही बोललं तरी ऐकू येत नव्हतं. सांगणार होते, पण तुम्ही बिचारे उन्हात टोपी काढून उभे. कसं सांगणार?"

ती आत गेली. सावकाशभाऊ तिथेच उभे राहिले. किती दारं झाली असतील, त्यांनी मोजली नव्हती. त्या प्रत्येक दारात कुणाला तरी हेच सांगायचं असेल आणि त्यांची टोपी पाहून कुणी बोललं नसेल.

मेव्हणा गाडीखाली शिरला. खालचा नट सुटला तसं काळं, पातळ पाणी घमेल्यात धो धो आलं. चार लिटरच्या जागी पाच भरलं असेल. सावकाशभाऊंनी न सांगता फिल्टर काढून दिला, नवा हातात ठेवला. चोकची झडप मेव्हण्यानं बोटानं हलवून मोकळी केली. नवं ऑइल दाट, मधाच्या रंगाचं, डब्यातून हळूहळू उतरत होतं आणि दोघंही ते उतरताना बघत होते. तेवढ्यात मुलगी येऊन पोचली. ती आत गेली, तिला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, आणि त्या वेळात कुणालाही कसलाच आवाज ऐकावा लागला नाही.

गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. दिवा विझला, ठोका बराच दबला. "वाचलं," मेव्हणा म्हणाला, "थोडक्यात." आणि न विचारता शेजारच्या सीटवर बसला. स्मशानाच्या फाटकात सावकाशभाऊंनी स्वतःच्या हातानं इंजिन बंद केलं. माणसं पुढे गेली. दोघे केबिनमध्येच राहिले.

"त्या दिवशी मी बोललो, ते रागानं बोललो," मेव्हणा काळ्या हातांकडे बघत म्हणाला. "राग खरा होता. खोटं कशाला सांगू? पण नंतर एक कळलं. आमच्यात कधी जवळ घेणं वगैरे नव्हतं. मोठा झाल्यावर मी बापाला हातसुद्धा लावला नव्हता. गाडी चालू झाली असती तर मी मागे दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून आलो असतो. ढकलावी लागली म्हणून चौकापर्यंत माझे दोन्ही हात त्याच्या पाठीशी होते. हे तुम्हाला सांगायला यायचं होतं. येईन येईन म्हणता वर्षं गेली."

सावकाशभाऊंनी टोपी डोळ्यांवर ओढली. मग म्हणाले, "बहिणीकडे चल. ती वाट बघत असेल."

औषध मेव्हण्यानं सांगितलं ते असं: ऑइल किलोमीटरवर नाही, दर चार महिन्यांनी बदलायचं. दारात इंजिन बंद. आणि आठवड्यातून एकदा रिकामी गाडी हमरस्त्याला घेऊन अर्धा-पाऊण तास सत्तरच्या गतीनं चालवायची. सावकाशभाऊ आणि सत्तर! पहिल्या रविवारी काटा पन्नासला गेला तेव्हा त्यांच्या तळहाताला घाम फुटला. दुसऱ्या रविवारी साठ. तिसऱ्या रविवारी ते निघायला लागले तर बायको चांगलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन गाडीपाशी उभी.

"एकदाच येणार होतीस ना?"

"ते मागच्या बाजूचं. पुढच्या सीटबद्दल मी काही बोलले नव्हते."

पुढे ते दर रविवारी जायचे. शववाहिका सत्तरनं येताना पाहून समोरची वाहनं बाजूला व्हायची, आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. अशाच एका रविवारी तिनं चपला काढून पाय पुढे टेकवले आणि सावकाशभाऊंना तिच्या पावलावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वण दिसला. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि भरेचना. रोज सकाळी गाडीची पट्टी बघणाऱ्या माणसानं बायकोचे पाय वर्षभर नीट पाहिले नव्हते. याचं त्यांना जे वाटलं ते पुढे कधी गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं. थोडं आधी यायला हवं होतं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जाणं आलं. रविवार मात्र तिनं चुकवला नाही, दीड वर्षं.

ती गेली त्या दिवशी पालिकेनं दुसरा ड्रायव्हर पाठवला. सावकाशभाऊंनी शिकवल्याप्रमाणे त्यानं दारात गाडी बंद केली, टोपी काढली आणि सावलीत उभा राहिला. कुणी घाई केली नाही. सावकाशभाऊ तिच्याजवळ हवे तेवढे बसले. घरात शांत होतं.

स्ट्रेचर पट्ट्यांवरून आत सरकलं, मागचं दार लागलं. ड्रायव्हर केबिनमध्ये बसला आणि त्यानं किल्लीला हात घातला. इंजिन उत्तम होतं, एका टिचकीत सुरू झालं असतं. मेव्हण्यानं खिडकीतून त्याचं मनगट धरलं.

"थांब. न्यूट्रलला टाक. तू फक्त स्टिअरिंग धर."

मग त्यानं भावोजींकडे पाहिलं. सावकाशभाऊंना समजावून सांगावं लागलं नाही. दोघे गाडीच्या मागे गेले. मेव्हण्यानं एका बाजूला तळवे टेकवले, सावकाशभाऊंनी दुसऱ्या बाजूला. शेजारचे दोघे-तिघे काही न विचारता येऊन उभे राहिले. चौकापर्यंत दीडशे पावलं असतील.

सावकाशभाऊ काचेपाशी वाकले. तिनं शिवलेला पडदा आतून ओढलेला होता.

"सावकाश हं," ते म्हणाले. "धरून बस."

आणि त्यांनी जोर लावला.